विरघळणाऱ्या अँकरच्या नावानं

उमरी, धर्माबाद, बिलोली, नायगाव या पट्ट्यातून खांद्याचं दुखणं घेऊन नांदेडला येणाऱ्या माणसांची अलीकडे एक मागणी ठरलेली असते. "पैशाचं आमचं आम्ही बघतो, पण स्क्रू विरघळणाराच टाका." कुणी ते हैदराबादच्या पाहुण्याकडून ऐकलेलं असतं, कुणी मोबाइलवर पाहिलेलं असतं, आणि बऱ्याचदा ते एखाद्या डॉक्टरनेच सांगितलेलं असतं. या मागणीमागचा समज असा, की खांद्याची फाटलेली नस शिवताना हाडात जो अँकर बसवतात, त्याच्या जातीवर ऑपरेशनचं यश ठरतं. धातूचा अँकर जुना आणि हलका. विरघळणारा किंवा नुसत्या धाग्याचा अँकर नवा आणि भारी. आणि ज्याचं शिवलेलं पुन्हा फाटलं, त्याला हलका अँकर टाकला गेला असणार.

मी हाडांचा डॉक्टर आहे. धातूचे, विरघळणारे, धाग्याचे असे सगळे अँकर मी वापरतो. तरीही हा समज मला खोटा वाटतो, आणि घातकही वाटतो. त्याच्यापायी शेतकऱ्याचा, हमालाचा पैसा जिथे काही बदलत नाही तिथे खर्च होतो, आणि जिथे त्याच पैशाने खांदा वाचला असता तिथे हात रिकामा राहतो.

खांद्याच्या गोळ्याला चार स्नायूंच्या कंडरा टोपीसारख्या वेढून असतात. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पांढरा चिवट पट्टा, ज्याला आपल्याकडे सरसकट नस म्हणतात. या चौघींच्या वेढ्याला रोटेटर कफ हे नाव आहे. त्यातली सगळ्यात वरची, सुप्रास्पायनेटसची कंडरा सर्वात जास्त वेळा फाटते. ती हाडावरच्या आपल्या जागेवरून सुटते आणि हात वर जाईनासा होतो, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. ऑपरेशनचं काम एवढंच, की सुटलेलं टोक ओढून पुन्हा जागेवर आणायचं आणि ते तिथे रुजेपर्यंत दाबून धरायचं. बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी हे काम १९११ मध्ये वैद्यकीय जगापुढे मांडलं, तेव्हा अँकर नावाची वस्तू नव्हती. हाडाला बारीक बोगदे पाडायचे, त्यांतून धागा ओवायचा आणि गाठ मारायची. पुढची सत्तरेक वर्षं हेच चाललं. १९८०च्या दशकात अँकर आला, आणि दुर्बिणीतून ऑपरेशन रूढ होत गेलं तसा तो सगळीकडे पोचला, कारण लहानशा छिद्रातून हाडात बोगदे पाडण्यापेक्षा धागा अडकवलेली खुंटी हाडात बसवणं सर्जनला सोपं जातं. अँकरचा जन्म सर्जनच्या सोयीसाठी झाला. ती सोय खरी आहे, आणि तिच्यामुळे जखम लहान होते. पण दुर्बिणीतूनच अँकरविना हाडाच्या बोगद्यांतून शिवलेले खांदे आणि अँकरने शिवलेले खांदे यांची तुलना करणारी इटलीतली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा खांद्याच्या कामात दोन्ही गट बरोबरीत निघाले. अँकर मुळातच नसला तरी जे घडतं, ते अँकरच्या जातीमुळे घडतं असं कसं म्हणायचं?

आता जातींकडे येतो. धातूचा अँकर बहुधा टायटॅनियमचा असतो, पाचेक मिलिमीटर जाड, आटे पाडलेला. तो गंजत नाही, कुजत नाही. विरघळणाऱ्यांची पहिली पिढी पॉलिग्लायकॉलिक आम्लाची होती. ती काही आठवड्यांतच ताकद गमावू लागे आणि काहींच्या सांध्यात सूज आणी. मग पॉलि-एल-लॅक्टिक आम्लाचे, म्हणजे पीएलएलएचे अँकर आले. ते इतके सावकाश झिजतात की पाच वर्षांनीही त्यांचे अवशेष सापडतात, आणि काही जणांच्या हाडात त्या जागी पोकळी राहते. ही उणीव भरून काढण्यासाठी त्यात ट्रायकॅल्शियम फॉस्फेटसारखं खनिज मिसळलं, म्हणजे अँकर झिजेल तसं तिथे हाड भरून यावं. हेच बायोकंपोझिट. पीईईके नावाच्या कडक प्लास्टिकचा अँकर विरघळत नाही, एक्स-रेत दिसत नाही, आणि पुन्हा ऑपरेशन करायची वेळ आली तर ड्रिलने खोदून काढता येतो. सगळ्यात अलीकडचा, साधारण २०१० पासून रुळलेला, नुसत्या धाग्याचा. त्याला दीड ते तीन मिलिमीटरचं छिद्र पुरतं. आत गेल्यावर धागा ओढला की त्याची गाठोडी होऊन ती हाडाच्या कडक कवचाला खालून अडकते.

यातली प्रत्येक सुधारणा आधीच्या अँकरची काही ना काही खोड काढण्यासाठी झाली, हे मी मान्य करतो. पण त्या सुधारणांचा काळ आणि कंडरा जुळण्याचा काळ वेगवेगळे आहेत, हे रुग्णाला कुणी सांगत नाही. शिवलेली कंडरा पुन्हा फाटायची असेल तर ती बहुतेक वेळा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत फाटते. त्यानंतर ती एकतर हाडाशी जुळलेली असते किंवा नसते. पीएलएलए विरघळायला वर्षं लागतात, बायोकंपोझिटलाही दोन-तीन वर्षं सहज लागतात. म्हणजे कंडरेचा निकाल लागतो तेव्हा विरघळणारा अँकर अजून जवळजवळ पूर्ण जागेवर असतो, टायटॅनियमच्या शेजारी बसवला तर दोघांचं काम सारखंच. तो पुढे नाहीसा होतो हा गुण ज्या दिवशी प्रकट होतो, त्या दिवशी कंडरेला त्याची गरजच उरलेली नसते. तिसऱ्या वर्षी काय होईल यासाठी पहिल्या तीन महिन्यांच्या आशेने पैसे घेणं मला पटत नाही. आणि हा माझ्या एकट्याचा तर्क नाही. अँकरच्या पदार्थांची एकमेकांशी तुलना करणाऱ्या चाचण्यांत वेदना, ताकद, हात किती वर जातो आणि शिवण किती जणांची पुन्हा सुटते, यांत ठोस फरक दिसलेला नाही.

दुसरा दावा ताकदीचा. कंपन्यांच्या पत्रकांत अँकर हाडातून उपसून काढायला किती जोर लागतो याचे आलेख असतात, आणि परिषदांत आमचे काही व्यवसायबंधू तेच आलेख पडद्यावर लावतात. त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. अँकर ठिसूळ हाडातून निसटतो, हे खरं आहे. पण प्रयोगशाळेत अँकर यंत्राने सरळ खेचतात. खांद्यात त्याच्यावर येणारा ताण कंडरेमार्फत येतो, आणि कंडरा अँकरच्या कितीतरी आधी हार मानते. सिडनीच्या कमिन्स आणि मरेल यांनी २००३ मध्ये याचा थेट पुरावा दिला. अँकरने शिवल्यावर ज्या २२ खांद्यांवर पुन्हा ऑपरेशन करावं लागलं, त्यांत आत बघितल्यावर १९ ठिकाणी धागा कंडरा चिरून बाहेर आलेला होता. अँकर आपल्या जागी होता.

टेक्ससचे स्टीफन बर्कहार्ट यांनी १९९५ मध्ये अँकर किती तिरपा बसवावा याचा हिशेब मांडताना तारकुंपणाचं उदाहरण घेतलं होतं. कोपऱ्याच्या खांबाला ताण देऊन तो जमिनीत पुरलेल्या दगडाला बांधतात, तशी ती रचना. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ती समजावून सांगावी लागत नाही. त्याला हेही माहीत असतं, की दहा पावसाळ्यांनी कुंपण पडतं तेव्हा पुरलेला दगड जमिनीतच असतो. तुटते ती गंजलेली तार. पन्नाशी-साठीतल्या खांद्यात तार म्हणजे कंडरा. तिच्या जागी नवी तार ओवता येत नाही, आहे तीच वापरायची असते. मग दगड बदलण्यावर एवढा खर्च का?

एमआरआयचा मुद्दा मात्र खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. धातूमुळे एमआरआयच्या चित्रात अँकरभोवती डाग पडतो, शिवलेलं नीट दिसत नाही. शहरातल्या सर्जनला ही मोठी अडचण वाटते. पण कंडरा जुळली की नाही हे सोनोग्राफीवर चांगलं कळतं, तीही कमी पैशात, आणि धातूचा तिथे फारसा अडथळा होत नाही. उलट बाजू बघा. उमरीतल्या माणसाला ऑपरेशननंतर आठ महिन्यांनी अचानक सांध्यात काहीतरी घासल्यासारखं वाटू लागलं, तर त्याच्या हाताशी पहिल्यांदा काय असतं? एक्स-रे. टायटॅनियमचा अँकर निसटून सांध्यात डोकावला असेल तर तो साध्या एक्स-रेत दिसतो, त्याच दिवशी कळतं, आणि सांध्याची गुळगुळीत गादी खरवडली जाण्याआधी तो काढता येतो. पीईईकेचा किंवा धाग्याचा अँकर एक्स-रेत दिसतच नाही. निसटलेला तुकडा हुडकायला नांदेडला जाऊन एमआरआय करावा लागतो. धातूचा अँकर निसटला तर त्याने सांध्याचं होणारं नुकसान मोठं असतं, हेही खरं. म्हणून तो हाडाच्या पातळीच्या खाली नीट बसवणं सर्जनची जबाबदारी आहे. पण ज्याच्या गावात एक्स-रेशिवाय दुसरं यंत्र नाही, त्याला "जुना" म्हणून हिणवलेला अँकर एका बाबतीत जास्त सोयीचा आहे, हे कुणीतरी सांगायला हवं.

अँकरची जात कुठेच महत्त्वाची नाही, असं माझं म्हणणं नाही. कंडरा आधी एकदा शिवलेली असेल, हाडात जुने धातूचे आटे तसेच असतील आणि नव्याला जागा उरली नसेल, तर छोट्या छिद्राचा धाग्याचा अँकर वरदान ठरतो. तरुण माणसाला पुढे कधी तिथे पुन्हा काम करावं लागेल असं दिसत असेल, तर खोदून काढता येणारा अँकर बरा. पासष्टीच्या बाईचं हाड पोखरलेलं असेल तर जाड आट्यांचा अँकर हाडाच्या भरीव भागात बसवावा लागतो. आणि तिथे धाग्याचा अँकर वापरायचा असेल तर कंडरा रुजावी म्हणून हाडाचं कवच खरवडताना हात आवरावा लागतो, कारण तो अँकर त्या कवचावरच लटकलेला असतो. हे निर्णय हाड बघून, ऑपरेशनच्या टेबलावर घ्यायचे असतात. रुग्णाने बाहेर बाकावर बसून, जमीन गहाण टाकायची की नाही याचा विचार करत ते घ्यावेत, ही अपेक्षाच चुकीची आहे.

मग शिवलेलं टिकतं कशावर? वयावर, फाटीच्या मापावर, आणि फाटून किती काळ झाला यावर. फ्रान्सच्या पास्कल ब्वालो यांच्या २००५ मधल्या अभ्यासात दुर्बिणीतून शिवलेल्या सुप्रास्पायनेटसपैकी ७१ टक्के जुळल्या. पासष्टीपुढच्या लोकांत मात्र ४३ टक्केच. त्याआधी २००४ मध्ये अमेरिकेतल्या लीसा गॅलात्झ आणि सहकाऱ्यांनी अतिशय मोठ्या फाटी दुर्बिणीतून शिवल्या, तेव्हा १८ पैकी १७ पुन्हा उघडलेल्या आढळल्या. कंडरा सुटून वर्ष-दोन वर्षं गेली की मागचा स्नायू आक्रसतो आणि त्यात चरबी साठते. गुताल्ये या फ्रेंच सर्जनने १९९४ मध्ये त्याच्या पायऱ्या लावून दिल्या. एकदा चरबी साठली की ती शिवल्याने परत जात नाही. मधुमेह आटोक्यात नसेल तर कंडरा उशिरा जुळते. निकोटीनमुळे कंडरा हाडाशी जुळणं लांबतं, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे, आणि आपल्याकडे तंबाखूची पुडी शर्टाच्या खिशात नसलेला मजूर शोधावा लागतो. मी ऑपरेशनच्या आधी साखर आणि तंबाखूवर जेवढा वेळ बोलतो, तेवढा अँकरवर कधीच बोलत नाही.

ब्रिटनमध्ये युकफ या नावाने झालेल्या मोठ्या चाचणीत २७३ रुग्णांची खुल्या आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत वाटणी केली होती. निकाल दोन्हींचा सारखाच. चाळीस टक्क्यांच्या आसपास रुग्णांत शिवण टिकली नव्हती, तरीही त्यांचं दुखणं कमी झालं होतं. ज्यांची जुळली त्यांचं अधिक. हे ऐकून कुणी म्हणेल, मग शिवायचंच कशाला? तो प्रश्न अँकरच्या प्रश्नापेक्षा कितीतरी मोलाचा आहे, आणि तो आधी विचारायला हवा.

जपानमधल्या एका गावात गावकऱ्यांचे खांदे सोनोग्राफीने तपासले. ६६४ जणांत १४७ जणांच्या कंडरा आरपार फाटलेल्या निघाल्या, आणि त्यांतल्या दोन तृतीयांश लोकांना त्याचा काहीच त्रास नव्हता. उमरी तालुक्यातल्या एखाद्या गावात तसं केलं तर पन्नाशीपुढच्या किती हमालांच्या, किती कापूस वेचणाऱ्या आणि डोक्यावर ओझी वाहणाऱ्या बायांच्या खांद्यात फाटलेलं सापडेल? बरंच सापडेल असा माझा अंदाज आहे. एमआरआयच्या कागदावर "टिअर" लिहिलं म्हणजे ऑपरेशन, असं समीकरण नाही. फिनलंडमध्ये पंचावन्नच्या पुढच्या, मार न लागता फाटलेल्या सुप्रास्पायनेटसवर नुसता व्यायाम, व्यायामासोबत वरचं हाड घासणं आणि त्याखेरीज कंडराही शिवणं, यांची तुलना झाली. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षी तिन्ही गटांच्या खांद्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. नॉर्वेच्या १०३ रुग्णांच्या चाचणीत पाच वर्षांनी शिवलेल्यांकडे थोडा आणि दहा वर्षांनी त्याहून जास्त कौल गेला, हेही मी लपवणार नाही. म्हणजे झिजून फाटलेल्या खांद्याला तीन महिने नेमाने व्यायाम देऊन बघायला वेळ असतो. मोटारसायकलवरून पडून, बैलगाडीचा दांडा बसून एका क्षणात हात लुळा पडला असेल, तर मात्र तसा वेळ नसतो. असा चाळिशीतला माणूस पहिल्या काही आठवड्यांत ऑपरेशनच्या टेबलावर पोचला पाहिजे, आणि तिथे मी थांबायला सांगत नाही. दुःख याचं, की आपल्याकडे नेमका हाच माणूस मालिश, लेप आणि इंजेक्शन घेत सहा महिने काढतो आणि मग विरघळणाऱ्या अँकरची चौकशी करत येतो.

आता पैशाबद्दल. एका खांद्यात एकच अँकर पुरतो असं नाही. कंडरा एका रांगेत बसवली तर एक-दोन लागतात, दोन रांगांत बसवली तर चार-पाचही. मोठ्या फाटीत दोन रांगांमुळे शिवण थोडी जास्त टिकते. लहान फाटीत रुग्णाला त्याचा फरक जाणवत नाही. एकेक अँकर हजारोंच्या घरात असल्याने रांग आणि जात बदलली की बिल कुठच्या कुठे जातं. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने हृदयाच्या औषधी स्टेंटला २९,६०० रुपयांची मर्यादा घातली, त्याच ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची सरासरी १,५८,३२४ रुपयांची किंमत ५४,७२० वर आणली. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली, त्यामुळे छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. पण सुरुवातीलाच ती किती छापायची, यावर अँकरच्या बाबतीत कसलंच बंधन नाही. ज्या वस्तूंचं काम सारखं आहे त्यांच्या किमती एवढ्या वेगळ्या का, हा प्रश्न आमच्या संघटनांनी प्राधिकरणाला विचारला पाहिजे. अँकरलाही कमाल किंमत लागली पाहिजे, आणि ती पदार्थागणिक वेगवेगळी नको. नाहीतर आज जसं भारी अँकरच्या नावानं होतं, तसंच उद्या त्या यादीतल्या वरच्या ओळीच्या नावानं होईल.

उमरीच्या मोंढ्यातल्या हमालाचं गणित यापलीकडचं आहे. शिवल्यानंतर चार ते सहा आठवडे हात पट्ट्यात राहतो. पुढे हळूहळू हालचाल, तीन महिन्यांनंतर ताकदीचे व्यायाम, आणि ओझं उचलायला सहा महिने तरी थांबायचं. जितकी पोती तितकी मजुरी, असं ज्याचं उत्पन्न, तो सहा महिने कसा थांबणार? तो दहाव्या आठवड्यात पोतं उचलतो, आणि धागा कंडरेतून चिरत बाहेर येतो. मग आजूबाजूची माणसं म्हणतात, अँकर हलका होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच एका माणसावर ५५ किलोपेक्षा जास्त ओझं नको अशी शिफारस केली, महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. तरी पाठीवरचं क्विंटलचं पोतं कितीतरी वर्षं तसंच राहिलं, आणि आज पन्नाशीत असलेले खांदे त्याच पोत्याखाली झिजलेले आहेत.

म्हणून ऑपरेशनच्या खर्चाचा कागद मी आता वेगळा लिहितो. अँकर किती, कुठल्या जातीचे, त्यांची छापील किंमत काय, हे त्यात असतं, आणि ऑपरेशननंतर प्रत्येक अँकरचं स्टिकर रुग्णाच्या फायलीत चिकटवून त्याचा फोटो त्याच्या मोबाइलवर जातो, म्हणजे दोन वर्षांनी लातूरच्या किंवा हैदराबादच्या सर्जनला हाडात काय आहे ते कळेल. त्याच्याखाली दुसरा रकाना असतो: फिजिओथेरपीसाठी उमरी-नांदेड किती फेऱ्या, त्यांचं भाडं, आणि सहा महिन्यांत बुडणारी मजुरी. बहुतेक घरांत हा दुसरा रकाना पहिल्यापेक्षा मोठा निघतो. साध्या अँकरने जे पैसे वाचतात ते त्या रकान्यात घाला, असं मी घरच्यांसमोर सांगतो. आडत्याकडून उचल घ्यायचीच असेल तर ती पट्ट्यातल्या आठवड्यांसाठी घ्या.